मक्यावरील लष्करी अळी आणि दुष्काळ-फंडाचा विनियोग

(समितीच्या साधारण सभेत झालेले भाषण. देणगीदार व सभासद यांच्या माहितीसाठी अहवालास जोडले आहे.)



समितीचा जमाखर्च आताच आपणांपुढे वाचला गेला. धान्य, वैरण, पाणी व बियाणे या चार सदरांखाली आपल्या औदार्याचे द्रव्य कसे खर्ची पडले ते आपण ऐकले. समितीच्या आज्ञेवरून आम्ही जे बोलणार आहो ते पाचव्या सदराविषयी आहे. हे सदर यंदा प्रथमच मागितले जात आहे आणि ते ऐकून कित्येकांस हसू येईल, हे आम्ही जाणून आहो. कारण ते सदर एका अळीचे आहे. लोक अन्नाला मोताद झाले असता समितीने किडे मोजीत बसावे काय, असा प्रश्न एका वयोवृद्ध व्यापारी गृहस्थांनी आम्हांस गेल्या बैठकीत विचारला होता. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर चार शब्दांत देता येण्याजोगे नसल्यामुळे आम्ही आज आपला थोडा वेळ घेत आहो.

प्रथम आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. २०१८ साली पावसाने दगा दिला आणि त्या वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी सरकारने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढील उन्हाळ्यात चारा छावण्या उघडल्या. छावणीतील जनावरांस नुसत्या वाळल्या कडब्यावर किती दिवस ठेवावयाचे, म्हणून ज्यांच्या विहिरींस थोडेबहुत पाणी होते अशा बागायतदारांस समितीने मक्याचे बियाणे फुकट वाटले. अट एवढीच की हिरवी वैरण छावणीस द्यावी. मक्याचीच निवड करण्याचे कारण उघड होते. पाण्याच्या ताणावर वाढलेली कोवळी ज्वारी जनावरांस बाधते. मक्यास तसे भय कमी, आणि दोन-अडीच महिन्यांत तो कापणीस येतो. वैरण आली, जनावरे वाचली, आणि त्या वर्षीच्या अहवालात आम्ही त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली.

त्या हिरव्या मक्याची पाने चाळणीसारखी झाली होती, हे आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले होते. परंतु वैरणच ती. छिद्रे पडलेली पाने बैल काही नाकारीत नाहीत. कोणीही पोंगा उलगडून आत काय आहे ते पाहिले नाही. पुढे जुलै महिन्यात त्याच गावांतील कोरडवाहू शेतकऱ्यांनी पहिल्या पावसावर मका टोकला, आणि रोपे वीतभर होतात न होतात तो त्यांचे पोंगे आतून कुरतडले जाऊ लागले. त्यांपैकी एका बाईच्या शेतात आम्ही गेलो होतो. तिने एक ताट उपटून आमच्या हाती दिले आणि विचारले, "वकीलसाहेब, बी तुमीच दिलं; मग ही अळीबी त्याच बियातून आली काय?"

अळी बियाण्यातून येत नाही, हे आम्ही तिला सांगितले, आणि ते खरेच होते. तथापि घरी परत येताना आमच्या मनास ते उत्तर अपुरे वाटू लागले. या अळीचा पतंग वाऱ्याच्या साहाय्याने एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा त्या बाईच्या शेतातील पतंग अमुकच मळ्यातून आले असे कोणत्याही न्यायासनापुढे सिद्ध करता येणार नाही. परंतु फेब्रुवारीपासून मेपर्यंत, आसमंतात दुसरे हिरवे पान नसता, आमच्या खर्चाने उभ्या राहिलेल्या मक्यावर या किडीच्या निदान तीन पिढ्या पोसल्या गेल्या असल्या पाहिजेत. संशयाचा फायदा आरोपीस द्यावा असा आमच्या धंद्यातील नियम आहे. येथे आरोपी आम्हीच असल्यामुळे तो फायदा घेण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

आता ही अळी कोण ते सांगतो. हिचे मूळ स्थान अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश. शास्त्रात तिचे नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा असे असून आपल्याकडे तिला अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. २०१६ च्या आरंभी ती पश्चिम आफ्रिकेत दिसली आणि दोनच वर्षांत त्या खंडातील बहुतेक देश तिने व्यापले. आपल्या देशात ती प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे मक्यावर सापडली आणि त्याच वर्षीचा पावसाळा सरता सरता महाराष्ट्रात पोचली. मका हे तिचे आवडते खाद्य खरे, परंतु ज्वारी, ऊस वगैरे धरून साडेतीनशेहून अधिक वनस्पतींवर तिची नोंद झालेली आहे. ज्वारीवर क्वचित टोळधाडीसारखी येणारी जी जुनी लष्करी अळी आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे, ती ही नव्हे. नावाच्या या सारखेपणाने पुष्कळ घोटाळा केला आहे.

मादी पतंग पानावर शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते व त्यावर करड्या केसांचे आवरण पसरते. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. बारीक अळ्या पानाचा हिरवा पापुद्रा तेवढा खरवडतात. त्यामुळे पानावर कागदासारखे पांढुरके ठिपके पडतात. पुढे त्या पोंग्यात शिरतात, आणि तेथे एकमेकींस खाऊन बहुधा एक किंवा दोनच शिल्लक राहतात. दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण वाढ होते, मग अळी जमिनीत बोटभर खोल कोषात जाते, आणि उष्ण दिवसांत सुमारे महिन्याभरात हे सारे चक्र एकदा फिरते. येथे एक गोष्ट देणगीदारांनी अवश्य ध्यानात ठेवावी. ही अळी आपल्या आयुष्यातील बहुतेक खाणे शेवटच्या काही दिवसांत खाते. म्हणजे शेतकऱ्यास नुकसान डोळ्यांस दिसू लागते तेव्हा अळी मोठी झालेली असते, पोंग्यात स्वतःच्या विष्ठेच्या बोळ्याखाली दडलेली असते, आणि औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. त्या बाईच्या पुतण्याने तीन वेळा फवारणी केली होती. भर दुपारी, वरून वरून, दुकानदाराने उधारीवर दिलेली दोन औषधे एकत्र करून. अळ्या जिवंत राहिल्या व उधारीही राहिली.

ओळख पटल्यावाचून शिक्षा देऊ नये, हे तत्त्व मनुष्यास लागू आहे तसे किडीसही आहे. या अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय हे अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण असते, आणि शेपटीच्या बाजूस, शेवटून दुसऱ्या भागावर, चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. मोठी अळी तळहातावर घेतल्यास या दोन्ही खुणा साध्या डोळ्यांनी दिसतात. पानावर वेडीवाकडी मोठी छिद्रे आणि पोंग्यात ओल्या भुश्यासारखी विष्ठा दिसली की तिचाच संशय घ्यावा. उलटपक्षी पानावर छिद्रांची सरळ ओळ दिसते, मधला पोंगा वाळतो व ओढताच सहज उपसून येतो, तेव्हा अपराधी खोडकिडा असतो. तो ताटाच्या आत बोगदा करून राहतो. त्यावर लष्करी अळीचे औषध पोंग्यात ओतून काय उपयोग? तुऱ्यावर मावा दिसला म्हणूनही पुष्कळजण पंप पाठीस लावतात. वस्तुतः तेथे लाल-काळे ढालकिडे आधीच तो मावा खात असतात, आणि फवाऱ्याने प्रथम तेच मरतात.

दुसरी गोष्ट मोजणीची. फाटकी पाने पाहून सर्वस्व गेले असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पान फाटले म्हणजे तितके कणीस गेले असे नसते. मका पानांचे बरेच नुकसान सोसून पुढे सावरतो. २०१७ साली आफ्रिकेतील घाना व झांबिया येथील शेतकऱ्यांस विचारून जो अंदाज बांधला गेला त्यात सरासरी नुकसान अनुक्रमे ४५ व ४० टक्के आले. झिम्बाब्वेत शेतांवर प्रत्यक्ष जाऊन केलेली मोजणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत ते साडेअकरा टक्क्यांच्या आसपास निघाले. देश भिन्न, वर्षे भिन्न, हे आम्ही विसरत नाही. आणि शेतकरी खोटे सांगत होते असे तर मुळीच म्हणत नाही. भ्यालेल्या मनुष्याची साक्ष व मोजपट्टीची साक्ष यांत अंतर पडते, हे आम्ही तीस वर्षे पाहात आलो आहो. साडेअकरा टक्केही गरिबाच्या घरी थोडे नाहीत. परंतु निम्मे पीक गेले या समजुतीने तो जितके कर्ज औषधासाठी काढील, तितके साडेअकराच्या समजुतीने काढणार नाही.

म्हणून समितीची योजना मोजणीपासून सुरू होते. ज्या गावांत आपण बियाणे देतो त्या प्रत्येक गावातील दोन तरुण मंडळींस, आणि त्यांत एक तरी स्त्री असावी असा आमचा आग्रह आहे, उगवणीनंतरच्या पहिल्या तीस-पस्तीस दिवसांपुरते मानधन द्यावे. त्यांनी आठवड्यातून दोनदा शेतात नागमोडी चालत जाऊन पाच ठिकाणी वीस-वीस ताटे पाहावी आणि शंभरांपैकी किती पोंग्यांत ताजी विष्ठा आहे ते वहीत लिहावे. एकरी पाच कामगंध सापळे लावावे. त्यांत मादीच्या वासाने नर पतंग येऊन अडकतात आणि हल्ला केव्हा सुरू झाला ते कळते. अंड्यांचे पुंजके दिसतील ते हाताने चुरडावे. शेतात एकरी दहा पक्षीथांबे रोवावे. काठ्यांस पैसा लागत नाही, आणि मैना-कोतवाल मजुरी मागत नाहीत. शंभरांत पाच ताटे बाधित झाली की निंबोळी अर्क फवारावा. हे प्रमाण दहाच्या पुढे गेले तरच कृषी खात्याने किंवा कृषी विद्यापीठाने मक्यासाठी शिफारस केलेले रासायनिक औषध, सांगितलेल्या मात्रेने, सकाळी अथवा सायंकाळी, नळीचे तोंड थेट पोंग्यात धरून द्यावे. तुरा बाहेर पडल्यानंतर रासायनिक फवारणी करूच नये; तेव्हा ती पैशाची नासाडी होते. पेरतेवेळी मक्यात तूर, उडीद किंवा मुगाची ओळ धरावी, आणि शक्य तर सर्व शिवाराने एकाच आठवड्यात पेरावे, म्हणजे पतंगास आज या शेतातील कोवळे रोप, पुढच्या पंधरवड्यास त्या शेतातील, असा अखंड पाहुणचार मिळत नाही.

जैविक उपायांपैकी ट्रायकोकार्डांचा, म्हणजे किडीची अंडी नासविणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाशांच्या कार्डांचा, उपयोग चांगला आहे. मात्र ती वेळेवर व जिवंत पोचावी लागतात. दमट हवेत पांढऱ्या-हिरव्या बुरशीने मेलेल्या अळ्या पोंग्यांवर चिकटलेल्या दिसतात. तो नोमुरिया बुरशीचा प्रताप होय, आणि अशी शेते औषध न मारता तशीच राहू द्यावी.

निंबोळी अर्काविषयी थोडे अधिक बोलण्याची परवानगी असावी, कारण येथेच आपल्या मूळ कार्याशी या योजनेचा सांधा जुळतो. निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात पिकून झाडाखाली पडतात. हेच दिवस दुष्काळी गावात मजुरीस सर्वांत वाईट असतात. छावण्या मोडलेल्या, आणि खुरपणीचे काम अजून निघावयाचे असते. समितीने ठरीव दराने निंबोळ्या विकत घेतल्या तर वृद्ध स्त्रियांस व ज्यांच्याने कुदळ उचलवत नाही त्यांस बसल्या गावी चार पैसे मिळतात. वाळवून कुटलेली पाच किलो निंबोळी नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून घ्यावी, एका लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साबण विरघळवून त्यात मिसळावा, आणि एकंदर द्रावण शंभर लिटर करावे. हा पाच टक्क्यांचा अर्क झाला. तो त्याच दिवशी वापरावा. लहान अळीवर तो गुणकारी आहे. मोठ्या अळीवर त्याची मदार ठेवू नये. खैरात न म्हणवता मजुरी देणारे आणि त्याच गावाचे पीक राखणारे असे दुसरे काम आम्हांस तरी सुचलेले नाही.

छावणीच्या वैरणीचे काय, हा प्रश्न उरतो. वैरणीचा मका बंद करावा असे आम्ही म्हणत नाही. जनावर उपाशी ठेवून अळी उपाशी मारणे हा व्यवहार नव्हे. परंतु यापुढे समितीचे बियाणे घेणाऱ्या बागायतदाराकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्या. मक्यासोबत चवळी मिसळून पेरावी. वैरणीच्या पिकावर रासायनिक औषध मारू नये. निंबोळी, जैविक औषधे व हाताने वेचणी यांवरच भागवावे, कारण तो पाला थेट दावणीत जातो. आणि शेत थोडे थोडे न कापता एकदम कापून, त्याची कुट्टी अथवा मुरघास करून, लगेच खोल नांगरट करावी, म्हणजे जमिनीतील कोष वैशाखाच्या उन्हात व बगळ्या-कावळ्यांच्या चोचीत पडतील. खरिपाची पेरणी होण्यापूर्वी शिवारात काही दिवस तरी हिरवा मका शिल्लक असता कामा नये. शेवटची अट बागायतदारांस जड वाटेल. या सभेत असे जमीनदार बरेच आहेत. त्यांच्या बांधापलीकडे कोणाचे शेत आहे, हे त्यांस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

व्यापारी मंडळींपुढे आमचे मागणे निराळे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले. तेव्हा आमच्यापैकी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. परंतु औषधांची मिश्रणे, उधारी आणि विनामुखवट्याचा फवारा हे प्रकार आपल्याही बाजारपेठेत चालतात. कृषी सेवा केंद्रे चालविणाऱ्या गृहस्थांनी मक्यासाठी शिफारस नसलेले औषध समितीच्या गावांत विकू नये, दोन औषधे मिसळून देऊ नयेत, आणि औषधासोबत हातमोजे व मुखवटा खरेदीच्या भावाने द्यावा. वहीतील आकडा पाहूनच औषध घ्यावयाचे असा पाठ पडला तर त्यांची विक्री काहीशी घटेल, हे आम्ही लपवीत नाही. मात्र जे विकले जाईल त्याची उधारी वसूल होण्याचा संभव वाढेल. मक्याची आडत करणाऱ्यांस तर अधिक सांगावयास नको. कोंबड्यांच्या खाद्यास व स्टार्चच्या कारखान्यांस लागणारा माल शेतातूनच यावयाचा आहे.

ज्या वयोवृद्ध गृहस्थांचा उल्लेख आम्ही आरंभी केला त्यांस आता उत्तर देतो. अन्नदानाच्या सदरातून एक पैही काढून या सदरात घालावी असे समितीचे म्हणणे नाही. १९७२ च्या दुष्काळात आम्ही मिलो आणि सुकडी खाल्लेल्या माणसांच्या घरांत वाढलो आहो. भुकेल्याच्या ताटातील घास कोणत्या योग्यतेचा असतो, हे आम्हांस कोणी शिकविण्याची गरज नाही. परंतु बियाण्याचे सदर आपण मान्य केले आहे. जे बियाणे पहिल्या महिन्यात कोणी पाहातच नाही, त्यावर घातलेला पैसा अर्धवट घातलेला आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली. मदतीइतकेच महत्त्व तिने माहितीस दिले होते. आम्ही मागतो तीही माहितीच आहे, फक्त ती पोंग्याच्या तळाशी आहे. या कामात छायाचित्र काढण्याजोगे काही नाही. वाटपाची रांग नाही, भट्टीवरची कढई नाही, देणगीदाराच्या नावाची पाटी लावावयास भिंत नाही. खर्च झालेल्या रकमेपुढे केवळ काही वह्या व निंबोळीची पोती दाखविता येतील.

तेव्हा समितीचा ठराव असा आहे की यंदाच्या बियाणे-सदरास "निरीक्षण व निंबोळी" असे पोटसदर जोडावे, त्याचा हिशेब स्वतंत्र ठेवावा, आणि प्रत्येक गावाची मोजणीची वही पुढील अहवालाच्या वेळी या टेबलावर सर्वांस पाहावयास ठेवावी. ज्या देणगीदारांस आपली रक्कम या पोटसदरात जावी असे वाटत असेल त्यांनी पावतीवर तसे लिहवून घ्यावे. ज्यांस वाटत नसेल त्यांची रक्कम पूर्ववत अन्नधान्याकडेच जाईल. आपल्या बांधावर निंबाची झाडे असलेल्या जमीनदारांनी निंबोळी वेचण्यास गावच्या स्त्रियांस मज्जाव करणार नाही एवढे चिटणिसांकडे नोंदवावे. वैरणीच्या मक्याची पहिली कापणी होईल त्या दिवशी त्याच शेतात कृषी सहायकांकडून तरुणांस अळीची ओळख करून देण्याचे ठरले आहे. त्या दिवशी आपणांपैकी ज्यांस येणे शक्य असेल त्यांनी सकाळी उन्हापूर्वी यावे. एक पोंगा स्वतःच्या हाताने उलगडून पाहावा, आणि मग या ठरावावर आपले मत द्यावे.